कपाळावरच्या शिक्क्याने खेळ येत नाही

काही मुले पाहून शिकतात, काही ऐकून, तर काही प्रत्यक्ष करून. म्हणून आधी मुलाचा प्रकार ओळखा आणि मग त्याला त्या पद्धतीनेच खेळ शिकवा, असे हल्ली क्रीडा प्रशिक्षणात सर्रास सांगितले जाते. बंगळुरूसारख्या शहरात, जिथे उन्हाळी सुट्टीत मैदाने आणि बॅडमिंटन कोर्ट मुलांनी ओसंडून वाहतात, तिथल्या पालकांना हे पटतेही चटकन. यामागचा कळवळा खरा आहे, पण सिद्धांत खोटा आहे.

हॅरॉल्ड पॅश्लर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी 2008 मध्ये या मतामागचे संशोधन तपासले. मत खरे असेल, तर 'पाहून शिकणाऱ्या'ला दाखवून आणि 'ऐकून शिकणाऱ्या'ला सांगून दोघांचाही फायदा व्हायला हवा, आणि पद्धतींची अदलाबदल केली की दोघांचेही नुकसान. असा नीट आखलेला पुरावा त्यांना जवळजवळ सापडलाच नाही. मुलाला काय आवडते आणि त्याला कशाने येते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॅडमिंटनची शॉर्ट सर्व्हिस नुसती ऐकून कोणाला आली आहे? शटल जाळीवरून किती उंच गेले ते पाहावेच लागते, आणि मनगटाचा अंदाज स्वतः सर्व्हिस करूनच येतो.

यावर दुसरा पक्ष लगेच म्हणेल, मग सर्वांना एकच शास्त्रशुद्ध पद्धत शिकवा. हेही मला मान्य नाही. कर्नाटकाचे लेगस्पिनर भागवत चंद्रशेखर यांचा उजवा हात बालपणी पोलिओने क्षीण झाला होता. क्षेत्ररक्षणात ते चेंडू डाव्या हाताने फेकत, पण लेगस्पिन टाकत ती त्या अशक्त उजव्या हातानेच, आणि तीही वेगाने. ऑगस्ट 1971 मध्ये ओव्हलवर त्यांनी 38 धावांत 6 बळी घेतले, इंग्लंड 101 धावांत गारद झाले आणि अजित वाडेकरांच्या भारतीय संघाने इंग्लंडमधला आपला पहिला कसोटी विजय मिळवला. कर्नाटकाचेच ऑफस्पिनर एरापल्ली प्रसन्न चेंडूला उंची देऊन फलंदाजाला पुढे खेचत. चंद्रशेखरांना तसेच टाकायला लावणे म्हणजे त्यांची गोलंदाजीच मारणे.

चंद्रशेखर अपवाद होते, असे कोणी म्हणेल. मग अंध क्रिकेट पाहा. बंगळुरूच्या समर्थनम संस्थेचा या खेळाच्या देशातल्या वाटचालीत मोठा वाटा आहे. चेंडू प्लास्टिकचा, आत खुळखुळणारे छर्रे. गोलंदाज फलंदाजाला तयार आहे का ते विचारतो, 'प्ले' असे ओरडतो आणि हात खाली ठेवून चेंडू जमिनीलगत सोडतो. त्यामुळे फलंदाजाचा मुख्य फटका स्वीप. पूर्ण अंध खेळाडूला तो शिकवताना प्रशिक्षक नुसता बोलून थांबत नाही. खेळाडूचा हात स्वतःच्या वाकलेल्या गुडघ्यावर, कोपरावर ठेवतो, पवित्रा स्पर्शाने ओळखू देतो, मग खेळाडूकडून तो करून घेतो. जिथे दृष्टीच नाही, तिथेही 'ऐकून शिकणारा' हा शिक्का अपुरा पडतो! त्याच संघातल्या थोडे दिसणाऱ्या सोबत्याला वेगळी मदत लागते. हा बदल प्रत्यक्ष अडचणीतून आलेला आहे, कुठल्या वर्गवारीतून नव्हे.

पंचवीस मुलांच्या तुकडीत एकट्या प्रशिक्षकाला हे कसे जमावे, हा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. पण प्रत्येकासाठी वेगळी शिकवणी लागत नाही, बरेचदा साधन बदलले की पुरते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने 2012 पासून दहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धांतून नेहमीचा पिवळा चेंडू काढला आणि लाल, नारिंगी, हिरवे चेंडू आणले. लाल चेंडू सुमारे 75 टक्के संथ असतो. तो डोक्यावरून जात नाही, कमरेच्या उंचीवर मिळतो, आणि सात वर्षांची मुलगीही रॅली खेळू लागते. ती स्थिरावली की नारिंगी चेंडू. तेव्हा अकादमीत नाव घालताना पालकांनी आधी हे विचारावे: माझ्या मुलीच्या उंचीला साजेशी रॅकेट आणि तिला झेपेल असा चेंडू तुमच्याकडे आहे का, आणि तो कधी बदलायचा हे कोण पाहते?