पालथी बाटली

गेल्या पावसाळ्यापूर्वीं आपल्या शाळेच्या मागील आवारांत दोन उंच बांबू उभे राहिले, व त्यांच्या शेंड्यांशीं एकेक रिकामी बाटली पालथी घातलेली दिसूं लागली. त्या बाटल्यांच्या गळ्यांस बांधलेली तांब्याची बारीक तार रस्त्यानें जाणारांच्या नजरेस येत नसे. बाटल्या मात्र स्पष्ट दिसत. त्यामुळें ‘शाळेंत बाटल्या शिरल्या’ अशी कुजबुज प्रथम झाली व उलगडा मागाहून झाला. ती तार म्हणजे रेडिओचें एरियल, ज्यास आज सर्रास अँटेना म्हणतात. आणि त्या बाटल्या म्हणजे नववीच्या मुलामुलींनीं तयार केलेले विद्युत्‌रोधक होत.

कुजबुज करणारांस उत्तर देण्याचें कारण नव्हतें. परंतु एक पालक समक्ष भेटावयास आले, आणि त्यांनीं जें म्हटलें तें उत्तरावांचून सोडून देण्यासारखें नव्हतें. ते म्हणाले, “सर, माझ्या आजोबांनीं लोकांनीं टाकलेलें उचलून दिवस काढले. त्यांतून सुटका व्हावी म्हणून वडील शिकले व आम्हांस शिकविलें. आतां माझी मुलगी शाळेच्या कामासाठीं भंगारवाल्याच्या दारीं बाटली मागावयास जाते. आम्ही पुढें चाललों आहों कीं मागें?” त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, दुःख होतें. मला त्या वेळीं नीट उत्तर सुचलें नाहीं. तें येथें देण्याचा प्रयत्न करीत आहें. कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नसून आपल्यापैकीं पुष्कळ घरांचा आहे.

प्रथम त्या बाटलीचें काम काय, हें पाहूं. एरियलच्या तारेंत आलेली विद्युत् अत्यंत अल्प असते. तार ओल्या बांबूस किंवा भिंतीस थेट बांधली, तर त्यांतील कांहीं भाग वाटेंतच जमिनींत पळतो. जे हौशी लोक परवाना घेऊन स्वतः संदेश पाठवितात, त्यांच्या बाबतींत तर हें अधिकच महत्त्वाचें. लहरीच्या निम्म्या लांबीची तार घेतली असतां प्रवाह तिच्या मध्यावर सर्वांत अधिक असतो, आणि विद्युद्दाब दोन्ही टोकांशीं सर्वांत अधिक असतो. चाळीस मीटरच्या लहरींसाठीं अशी तार सुमारें २० मीटर, म्हणजे ६६ फूट, लांब लागते. आणि शंभर वॉटचें साधें यंत्र असलें तरी तिच्या टोकांशीं शेंकडों व्होल्टांचा दाब येतो. म्हणून टोकांशींच चांगला विद्युत्‌रोधक हवा. कांच ही या कामीं उत्तम. ती पाणी शोषीत नाहीं, उन्हानें कुजत नाहीं आणि वर्षानुवर्षें टिकते. ‘प्लॅस्टिकची बाटली कां नको?’ असें एका विद्यार्थ्यानें विचारलें. प्लॅस्टिकही वीज रोखतें. परंतु पाण्याच्या साध्या बाटलीचें प्लॅस्टिक आपल्याकडील उन्हांत कांहीं काळानें ठिसूळ होतें, आणि ताण पडतांच फाटतें.

कांचेचे दोन दोषही सांगितले पाहिजेत. एक, तिच्या पृष्ठभागावर पावसाच्या पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो, आणि त्यांत धूळ अथवा समुद्रकांठचें मीठ मिसळलें कीं त्या पापुद्र्यावरून वीज सरकूं लागते. दुसरा, कांच दाब पुष्कळ सोसते, पण ओढ सोसत नाहीं. या दोन दोषांवर तोड काय, हें आमच्या विद्यार्थ्यांस पुस्तकानें शिकविलें नाहीं. एका फुटलेल्या बाटलीनें शिकविलें.

पहिल्या वर्षीं ही योजना माझी होती व चूकही माझीच होती. मीं बाटली उभी टांगविली. गळ्यास तार बांधली आणि पोटास दोरी गुंडाळून ती खांबाकडे नेली. दोन महिने सर्व ठीक चाललें. पहिल्या जोराच्या पावसांत बाटलींत पाणी सांचलें, ओली दोरी गुळगुळीत पोटावरून घसरली, आणि बाटली व्हरांड्याच्या फरशीवर येऊन फुटली. तो रविवार होता म्हणून कोणास इजा झाली नाहीं. दुसऱ्या दिवशीं कांचा वेंचतांना मला लाज वाटली, ती बाटली वापरल्याची नव्हे, तर विचार न करतां वापरल्याची.

त्यानंतर मुलांस मीं एक जुनी वस्तु आणून दाखविली: तारायंत्राच्या खांबावरची पांढऱ्या चिनी मातीची वाटी. आपल्या देशांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली, त्यामुळें आजच्या मुलांस ती ठाऊक नाहीं. पालकांनीं मात्र आगगाडीच्या खिडकींतून तशा वाट्यांच्या रांगा पाहिल्या असतील. ती वाटी आंतून पोकळ, खालीं तोंड केलेली व खुंटीवर बसविलेली असते. असें कां? वर्गानें पुष्कळ वेळ विचार केला, आणि एका मुलीनें उत्तर दिलें, “पाऊस छत्रीच्या वर पडतो, खालीं कोरडें राहतें.” हेंच त्यांतील मर्म. विजेस तारेपासून खुंटीपर्यंत जावयाचें तर बाहेरून खालीं उतरून, कांठास वळसा घालून, आंतून वर चढावें लागतें. आणि ती आंतली वाट भर पावसांतही कोरडी राहते. अमेरिकेंत तारांसाठीं कांचेच्या टोप्या वापरीत, त्या गुळगुळीत खुंटीवरून निसटत. म्हणून लुई कोव्हे यानें १८६५ सालीं आंतून आटे पाडलेल्या टोपीचें पेटंट घेतलें. आमच्या फुटलेल्या बाटलीची व त्या टोप्यांची अडचण एकच होती, हें कळल्यावर मुलांचे चेहरे उजळले. आपली चूक जगाच्या जुन्या चुकांपैकीं एक आहे, हें समजणें हाही विद्येचा एक भाग आहे.

मग बाटली पालथी झाली. लांब गळ्याची बाटली निवडून गळ्याच्या आंत सागवानी खुंटी बसविली. खुंटीभोंवतीं सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, म्हणजे लांकडाचा कठीण दाब कांचेवर एके ठिकाणीं पडत नाहीं. तार गळ्यावर शक्य तितकी वर, खांद्याजवळ बांधली, म्हणजे कांठापर्यंतचें अंतर वाढतें. आणि खुंटी आंतून त्या उंचीपर्यंत नेली. आतां तारेची ओढ बाहेरून येते व खुंटी आंतून आधार देते, म्हणजे मधली कांच दाबली जाते, ताणली जात नाहीं. तार ताठ न ओढतां किंचित् झोळ ठेविला, कारण बांबू वाऱ्यानें हलतात. पाणी आंत सांचत नाहीं. त्यामुळें डांसांचीही सोय होत नाहीं! हें सर्व काम झालें तेव्हां मुलांनीं बाटली कोठेंही कापली नाहीं कीं फोडली नाहीं. घरीं प्रयोग करणारांनीं हा नियम कसोशीनें पाळावा.

आतां खर्चाविषयीं. कित्येकांस वाटतें कीं आम्ही काटकसरीसाठीं बाटली वापरली. तसें नाहीं. अंड्याच्या आकाराचा चिनी मातीचा विद्युत्‌रोधक बाजारांत थोड्या पैशांत मिळतो, आणि तो गुणानें आमच्या बाटलीहून सरस आहे. त्यांतील दोन भोंकें अशीं पाडलेलीं असतात कीं, तार व दोरी यांचे फांस एकमेकांत अडकून राहतात. त्यामुळें माती दाबली जाते, आणि ती फुटली तरी तार खालीं पडत नाहीं. शाळेनें तसे दोन विकत आणून दिले असते, तर काम एका तासांत आटोपलें असतें. परंतु मग त्या अंड्यास भोंकें अशींच कां पाडलीं, हें कोणीं विचारलें असतें? आज आमच्या वर्गांतील प्रत्येक मूल तें सांगूं शकतें, कारण त्यानें तोच प्रश्न बाटलीशीं झुंजून सोडविला आहे. विकत घेतलेल्या वस्तूचा उपयोग कळतो. केलेल्या वस्तूचें कारण कळतें.

शाळेच्या आवारांत केलेल्या अशा कामास जग कमी लेखीत नाहीं, याचा एक दाखला देतों. १८ ऑक्टोबर १९२४ रोजीं न्यूझीलंडांतील फ्रँक बेल या हौशी मनुष्याचा संदेश १८,००० किलोमीटरांहून अधिक अंतरावर, लंडनच्या मिल हिल शाळेंतील एका हौशी केंद्रानें घेतला व त्यास उत्तर दिलें. त्या केंद्रावर बसलेला सेसिल गॉयडर हा त्याच शाळेचा अठरा वर्षांचा विद्यार्थी होता. पृथ्वीच्या दोन टोकांमधील तो पहिला दुतर्फा बिनतारी संवाद. पुढें न्यूझीलंडांतील तें केंद्र फ्रँक बेलची बहीण ब्रेंडा हिनें चालविलें, हें आपल्या मुलींनीं लक्षांत ठेवावें. आणि गॉयडर? तो १९३६ सालीं हिंदुस्थानांत आला व ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता झाला. आपल्या आजीआजोबांनीं घरोघरीं जो रेडिओ ऐकला, त्याच्या उभारणींत शाळेच्या आवारांत तार ताणणाऱ्या एका मुलाचा हात होता.

‘आज प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल असतां हा खटाटोप कशाला?’ असाही एक आक्षेप आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानांत दूरध्वनीचे मार्ग तुटले, तेव्हां भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालीं तेथें आलेल्या हौशी रेडिओवाल्यांनीं बेटांवरील माणसांची खबर मुख्य भूमीस पोंचविली. मोबाईलला मनोरे लागतात. हौशी माणसास एक यंत्र, एक बॅटरी व दोन आधारांमध्यें ताणलेली तार पुरते. संकटाच्या दिवशीं दुकानें उघडीं नसतात. हाताशीं असलेल्या वस्तूंतून काय होईल, हें ओळखणारी दृष्टि त्या दिवशीं अचानक उगवत नाहीं. ती आधीं कमवावी लागते.

आतां त्या पालकांच्या प्रश्नाकडे वळतों. त्यांच्या वडिलांनीं ज्या गोष्टींतून सुटका करून घेतली, ती टाकलेली वस्तु उचलणें ही नव्हती. ज्यास दुसरा मार्गच ठेविलेला नाहीं, त्यानें निमूटपणें उचलणें, व तेवढ्यावरून त्याची किंमत ठरणें, ही ती गोष्ट होती. तें ओझें पुन्हां कोणाच्याही डोक्यावर ठेवण्यास आमची शाळा कारण होतां कामा नये. म्हणून या कामास मीं स्वतःवर तीन अटी घालून घेतल्या आहेत, आणि त्या येथें जाहीरपणें लिहितों, म्हणजे त्या मोडल्यास मला जाब विचारतां येईल.

पहिली अट, बाटल्या आणण्याचें काम वर्गांतील सर्वांचें राहील. डॉक्टरांच्या मुलाचें व हमालाच्या मुलाचें सारखें. गेल्या वर्षीं ज्यास जें जमेल तें करूं दिलें, आणि दुकानीं कोण गेलें हें मीं पाहिलें नाहीं. ही माझी दुसरी चूक. दुसरी अट, ज्या वस्तूचें कारण मुलास समजावून देतां येणार नाहीं, ती वस्तु केवळ फुकट मिळते म्हणून वापरावयाची नाहीं. आणि तिसरी, बाटलीच्या कौतुकानें प्रयोगशाळेची उणीव झांकावयाची नाहीं. आमच्या मुलांस चांगलीं मापनयंत्रें हवींत. तीं बाटलींतून होत नाहींत. ‘मुलें किती हुशार, टाकाऊंतून सर्व करतात’ असें म्हणून जे खर्च टाळूं पाहतात, त्यांच्या हातीं हा लेख पुरावा म्हणून पडूं नये, अशी माझी इच्छा आहे.

विद्यार्थ्यांस शेवटीं थोडें सांगणें आहे. एरियलची तार वीजमंडळाच्या तारांजवळ किंवा त्यांच्या वरून कधींही नेऊं नये. ती तुटून त्यांवर पडली तर जीव जाईल. वळवाचें आभाळ दिसतांच एरियल यंत्रापासून सोडवून जमिनीस जोडावें, आणि गडगडाट चालूं असतां त्यास हात लावूं नये. वर चढण्याचें काम मोठ्या माणसांवांचून करूं नये. शाळेची तार सध्यां केवळ ऐकण्याची आहे. बोलण्यासाठीं सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, आणि तो घेतल्यावांचून एक अक्षरही पाठवूं नये. तुमच्यापैकीं कांहींजण त्या परीक्षेची तयारी करीत आहेत, याचा मला आनंद आहे.

ते पालक गेल्या महिन्यांत पुन्हां आले होते. त्यांच्या मुलीनें त्यांस बांबूपाशीं नेलें व बाटली पालथी कां, हें सांगितलें. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें, मग मला म्हणाले, “पुढच्या खेपेस मी तिच्याबरोबर दुकानीं जाईन.” माझ्या तीन अटी त्यांस पटल्या कीं नाहींत, हें त्यांनीं सांगितलें नाहीं, मींही विचारलें नाहीं. बाप व मुलगी दोघेंही भंगाराच्या ढिगांतून लांब गळ्याची बाटली निवडीत उभीं राहतील, त्या दिवशीं तीं कोणाचें टाकलेलें उचलीत नसून आपल्यास काय हवें तें पारखून घेत असतील. त्या प्रश्नाचें माझ्याजवळचें उत्तर एवढेंच आहे.