शाळेचें दार आणि मुसलमान मुलगी

सन २०२२ च्या आरंभीं उडुपी येथील एका सरकारी पदवीपूर्व महाविद्यालयांत कांहीं मुसलमान विद्यार्थिनींना वर्गाबाहेर ठेवण्यांत आलें. डोक्यावरचा रुमाल काढण्यास त्या तयार नव्हत्या, एवढाच त्यांचा अपराध. ५ फेब्रुवारी रोजीं कर्नाटक सरकारनें गणवेशाविषयीं हुकूम काढला व १५ मार्च रोजीं तेथील उच्च न्यायालयानें तो कायम केला. १३ ऑक्टोबर रोजीं सर्वोच्च न्यायालयांत दोन न्यायमूर्तींचा मतभेद झाला. न्या. हेमंत गुप्ता यांनीं अपिलें फेटाळलीं. मुलीचें शिक्षण हाच मुख्य प्रश्न मानून न्या. सुधांशु धुलिया यांनीं तो हुकूम रद्द ठरविला. पुढें हें लोण मुंबईसही पोंचलें. चेंबूरच्या एका महाविद्यालयानें हिजाब, टोपी, बिल्ला यांस मनाई केली. जून २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें विद्यार्थिनींचा अर्ज फेटाळला, परंतु ९ ऑगस्ट रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती मनाई तहकूब केली. वर्गांत बुरखा घेण्यास मात्र मुभा दिली नाहीं.

रुमाल हें इस्लामाचें आवश्यक अंग आहे कीं नाहीं, यावर कर्नाटकांत पुष्कळ खल झाला. न्यायाधीशांनीं मौलवींचें काम अंगावर घ्यावें हें आम्हांस उचित वाटत नाहीं. केरळांतील तीन ख्रिस्ती भावंडें राष्ट्रगीताच्या वेळीं आदरानें उभीं राहत, पण श्रद्धेमुळें तें म्हणत नसत. म्हणून त्यांस शाळेंतून काढलें होतें. सन १९८६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यांस परत घेण्याचा हुकूम दिला. श्रद्धा प्रामाणिक आहे काय आणि तिच्यामुळें कोणास उपद्रव होतो काय, एवढेंच पाहणें पुरेसें होतें. गणवेशाच्याच रंगाचा रुमाल घेऊं द्या, अशी मागणी मुलींच्या वकिलांनीं केली होती. तिनें कोणती शिस्त मोडली असती?

कोणी सुधारक म्हणतील, "पडदा ही दास्याची खूण आहे, ती शाळेंत कशास हवी?" पडद्याचा पुरस्कार आम्हीही करीत नाहीं. पण फळ काय मिळतें तें पाहावें. जिच्या घरचे तिला रुमालासहच बाहेर पाठवितात, तिला शाळेनें परत धाडलें म्हणजे ती घरींच बसते, आणि पडदा अधिकच घट्ट होतो. जी स्वेच्छेनें रुमाल घेते, तिला सरकारी सक्तीनें स्वातंत्र्य कसें शिकवितां येईल? सन २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालांत सहा ते चौदा वर्षांच्या मुसलमान मुलांपैकीं शेंकडा २५ मुलें कधींच शाळेंत न गेलेलीं किंवा शाळा सोडलेलीं आढळलीं. अशा समाजांतील मुलगी महाविद्यालयापर्यंत येते, तेव्हां दार अधिक रुंद करावयास हवें.

खरी सुधारणा कशी होते, हें महाराष्ट्रानें पाहिलें आहे. १८ एप्रिल १९६६ रोजीं हमीद दलवाई यांनीं तोंडी तलाक व बहुपत्नीत्व यांविरुद्ध सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईंत काढला. १९७० मध्यें पुण्यास मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिलें. त्या स्त्रिया आपल्या पायांनीं चालत आल्या होत्या. उद्यां असा प्रश्न विचारणारी मुलगी शिकलेल्यांतूनच निघेल.

रुमाल हा तर दिसणारा भाग झाला. नांव ऐकून केलेली थट्टा, बांकावर शेजारीं बसण्यास नकार, 'तूं नक्की कोणत्या देशाची?' असा खोंचक प्रश्न, हे घाव दिसत नाहींत. यांची जबाबदारी मुख्याध्यापकांवर आहे. अशा तक्रारीची चौकशी त्यांनीं स्वतः करावी. वर्षाच्या मध्यें गणवेशाचे नियम बदलूं नयेत. वस्त्रावरून कोणाही मुलीची परीक्षा बुडूं देऊं नये. मुसलमान पुढाऱ्यांनींही मुलीच्या रुमालाइतकीच तिच्या पदवीची काळजी वाहावी, आणि जिला रुमाल नको असेल तिच्यावर तो लादूं नये.

राष्ट्र एक व्हावें असें ज्यांस मनापासून वाटतें, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, हा देश माझा आहे ही भावना मुलांच्या मनांत प्रथम शाळेंत रुजते. ज्या मुलीस आपण दारांतून परत पाठवितों, तिच्याकडून ती भावना कोणत्या तोंडानें मागणार?