पीएचडी लपवायची कशाला?

पीएचडी करून युएक्स रिसर्चमधे येऊ पाहणाऱ्यांना आमची आयटीवाली मंडळी हमखास ऐकवतात, "इथे थिअरी चालत नाही हं!" अहो, झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत फोटोकॉपी मशीनपुढे अडलेली माणसं निरखत बसली ती ल्युसी सुचमन, मानववंशशास्त्राची अभ्यासक. माणूस डिझायनरच्या प्लॅनबरहुकूम वागत नाही, हे तिनं १९८७ च्या पुस्तकात मांडलं. ही थिअरीच की!

वेग काय, शिकता येतो. पण फीचर आधी ठरवून मग पुराव्यापुरता रिसर्चर नेमायचा, ही आपली खोड कोण मोडणार? 'प्रश्नच चुकलाय' म्हणणारा लगेच 'अ‍ॅकॅडमिक' ठरतो!

तेव्हा मंडळी, रेझ्युमेतली पीएचडी खोडू नका. इंटरव्ह्यूत उलट विचारा, "माझ्या रिसर्चमुळे तुमचं फीचर रद्द होऊ शकेल?" 'नाही' म्हणाले, तर ती नोकरी रिसर्चरची नाही, शिक्के मारणाऱ्याची आहे.