नावाचा भाव आणि मापाचा भाव

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी लेख द्या, अशी सूचना फलकावर लागली की आम्हा विद्यार्थ्यांना एकदम देशाची काळजी वाटू लागते. 'आजचा तरुण', 'स्त्रीशिक्षण', 'मोबाईल : शाप की वरदान' हे विषय मोठे आहेत आणि ते लिहिणारे माझ्याहून हुशार आहेत. मी मात्र नखाएवढ्या एका वस्तूविषयी लिहिणार आहे. जुन्या मोटारीच्या अंगावर तिचे नाव चकाकत्या धातूच्या अक्षरांत लावलेले असते. ती अक्षरे पत्र्याला धरून ठेवणारी वस्तू. तिला मराठीत काय म्हणतात, हे मी विभागातल्या दोन प्राध्यापकांना विचारले. दोघेही प्रामाणिकपणे हसले.

माझे म्हणणे असे : ही वस्तू महाग नाही. ती मोटारीच्या नावाने मागितली म्हणजे महाग होते आणि मापाने मागितली म्हणजे पुन्हा स्वस्त होते. ज्याला माप घेता येत नाही त्याने नावाचे पैसे मोजायचे, असा हा व्यवहार आहे आणि तो मला मान्य नाही.

आमचे डेंटिंग-पेंटिंगचे छोटे गॅरेज आहे. आबांचे शिक्षण चौथीपर्यंत. गेल्या पावसाळ्याआधी एक निवृत्त प्राथमिक शिक्षक त्यांची प्रीमियर पद्मिनी रंगवायला घेऊन आले. आम्ही त्यांना गुरुजीच म्हणतो. गाडी १९८२ सालची. मागच्या खेपेला दुसरीकडे रंगवली तेव्हा डिकीवरची 'प्रीमियर' आणि 'पद्मिनी' ही दोन नावे काढली गेली आणि परत बसलीच नाहीत. अकरा वर्षे ती एका कापडी पिशवीत पडून होती. गुरुजींचे एवढेच मागणे होते की या वेळी नाव लावून द्या. "बिननावाची गाडी बरी दिसत नाही हो," असे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

पद्मिनी म्हणजे काय हे आमच्या पिढीला सांगावे लागते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीची ११०० जातीची मोटार १९६४ पासून 'डिलाइट' म्हणून तयार होऊ लागली आणि १९७४ पासून तिला चितोडच्या राणीचे नाव मिळाले. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी ती हीच. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांत त्या वेळी हळवे लेख आले. हळवेपणाला माझी हरकत नाही, पण त्याचा एक परिणाम असा झाला की पद्मिनीचा प्रत्येक खिळा 'क्लासिक' झाला.

कायद्याच्या दृष्टीने पन्नास वर्षे पूर्ण केलेली गाडी 'व्हिंटेज'. २०२१ साली केंद्राने तसा नियम केला आणि नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये ठेवले. गुरुजींची गाडी त्या हिशेबाने अजून तरुण आहे. पण दुकानदाराचा कायदा वेगळा. माल मिळेनासा झाला, की ती वस्तू त्याच दिवशी व्हिंटेज. मोठ्या शहरातल्या अशा एका विक्रेत्याला मी फोन केला. एका क्लिपचे पंच्याऐंशी रुपये, दहाच्या खाली विकणार नाही, टपालखर्च वेगळा. कोणत्या मापाची, असे विचारले तर उत्तर आले, "सगळ्या क्लासिक गाड्यांना एकच लागते, अष्टमांश इंची." आम्हाला पाच हव्या होत्या. गुरुजींनी हिशेब ऐकला आणि म्हणाले, "राहू दे मग." हे 'राहू दे' मला फार लागले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांची नावे हजेरीपटावर लिहिणारा माणूस स्वतःच्या गाडीच्या नावासाठी 'राहू दे' म्हणतो, हे काही बरे नाही.

आबा हातातला पॉलिश पेपर न थांबवता म्हणाले, "ह्येला नाव इचारू नगंस. माप इचार."

आता ते माप कसे घ्यायचे ते सांगतो, कारण या लेखातला कामाचा भाग तेवढाच आहे. अक्षरे जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात, वरून क्रोमचा मुलामा. मागच्या अंगाला त्यातूनच उगवलेल्या बारीक खुंट्या असतात. पत्र्यात त्यांच्या जागी भोके. खुंटी भोकातून आत गेली की तिला आत धरून ठेवायचे, एवढाच प्रश्न. पण त्याची उत्तरे वेगवेगळ्या कारखान्यांनी वेगवेगळी काढली. जिथे पत्र्याच्या मागे हात पोचत नाही, तिथे भोकात आधी एक बारीक नळी बसवतात आणि खुंटी बाहेरून तिच्यात दाबतात. जिथे हात पोचतो, तिथे मागून स्प्रिंगच्या पोलादाची दातेरी चकती खुंटीवर सरकवतात. दात एकाच दिशेने झुकलेले, त्यामुळे ती जाते पण परत येत नाही. काढायची तर कापावी लागते, आणि अनाडी माणूस ओढतो तेव्हा चकतीऐवजी खुंटीच मोडते. तिसरा प्रकार कठीण पोलादाच्या नटाचा. तो गुळगुळीत खुंटीवर फिरवला की मऊ जस्तावर स्वतःच आटे पाडत जातो. हा मला सर्वांत शहाणा वाटतो, कारण तो पुन्हा उघडता येतो. काही अक्षरांच्या खुंट्यांना मुळातच आटे असतात, तिथे साधा नट चालतो. अमेरिकन गाड्यांच्या बॉनेटवर एकेक अक्षर सुटे असे. तिथे प्रत्येक अक्षराच्या खुंट्या वेगळ्या, म्हणजे डोकेदुखीही प्रत्येक अक्षराची वेगळी.

आमच्याकडे व्हर्निअर नाही. आबांनी पत्र्याच्या एका तुकड्याला अडीच, दोन पूर्णांक आठ, तीन, सव्वातीन अशी ड्रिलची भोके पाडून ठेवली आहेत. खुंटी दोन पूर्णांक आठमध्ये गेली नाही, तीनमध्ये घट्ट गेली. म्हणजे तीन मिलिमीटर. गाडी इटलीच्या घराण्याची, तेव्हा माप मेट्रिक असणार हे ओघानेच आले. अष्टमांश इंच म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. फरक ०.१७५ चा, केसाएवढाच. पण तेवढ्यात नळी सैल पडते आणि खड्ड्याखड्ड्याला 'पद्मिनी' खुळखुळते. म्हणजे साडेआठशे रुपये देऊन आलेला माल बसलाही नसता! 'सगळ्यांना एकच लागते' म्हणणाऱ्याला गाडीचे नाव माहीत होते, माप माहीत नव्हते.

मग डिकीच्या पत्र्यावर कागद धरून त्यावर शिसपेन्सिल आडवी घासली. भोके उमटली, आणि खुंट्यांशी ताडून पाहिली तर जुळली. इतिहासाच्या तासाला शिलालेखाचा ठसा घेण्याची पद्धत आम्हाला शिकवली होती, तिचा मला झालेला हा पहिला प्रत्यक्ष उपयोग. आबांना मी तसे सांगितले. ते म्हणाले की कागद ते वीस वर्षे घासताहेत, त्याला तास असतो हे त्यांना ठाऊक नव्हते.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर आहे हे आपले भाग्य. तिथल्या नटबोल्टच्या एका दुकानात मी मोडकी खुंटी आणि मापाचा पत्रा घेऊन गेलो. पाच खुंट्यांपैकी एक आधीच्या कारागिराने मोडली होती, म्हणून तिच्या जागी आट्याची बारीक काडी बसवून नट लावायचा होता. दुकानदार वयस्कर. चष्म्यावरून बघत त्यांनी विचारले, "बी.ए. पायजे का मेट्रिक?"

मित्रहो, बी.ए. करतो असे सांगितल्यावर 'पुढे काय करणार' हा प्रश्न मला आजवर शंभरदा आला आहे. बी.ए. पाहिजे का, असे मात्र प्रथमच कुणी विचारले! ते बी.ए. म्हणजे ब्रिटिश असोसिएशन. त्या विद्वत्सभेने १८८४ साली बारीक स्क्रूंसाठी आट्यांची एक पद्धत ठरवून दिली, आणि इंग्रजी यंत्रांतून ती आपल्याकडे आली. तिच्यात आकडा वाढला की जाडी घटते : चार नंबर ३.६ मिलिमीटरचा, सहा नंबर २.८ चा. तीनच्या मेट्रिक काडीवर सहाचा नट चढत नाही आणि चारचा लोंबकळतो. मी मेट्रिक मागितला. गुळगुळीत खुंट्यांसाठी काय, असे विचारले तेव्हा त्यांनी खालच्या खणातून एक डबी काढली. त्यात दातेरी चकत्या होत्या, तीन मिलिमीटरच्या. मोटारीच्या नव्हेत, लहान मुलांच्या खेळण्यातल्या गाडीचे चाक आसावरून निसटू नये म्हणून लावतात त्या. वीस चकत्या तीस रुपये. नट दोन रुपये, तोही त्यांनी हिशेबात धरला नाही.

पंच्याऐंशी रुपये आणि दीड रुपया. दोन्ही वस्तूंचे काम तेच, पोलाद बहुधा तेच. मधले साडेत्र्याऐंशी रुपये आपण कशाचे देतो? दुर्मिळतेचे म्हणाल तर ती वस्तू दुर्मिळ नाही, खेळण्याच्या कारखान्यात घमेल्याने पडली आहे. विक्रेत्याचे कष्ट मी नाकारत नाही. जुना माल धुंडाळणे, साठवणे, पाठवणे याला पैसा लागतो. ज्याची गाडी वर्षातून एकदा मेळ्यात जाते त्याने तो खुशाल द्यावा. पण जो रोज त्याच गाडीतून बाजारात आणि दवाखान्यात जातो, त्याला 'तुझी गाडी आता शौकाची झाली' असे सांगून तोच भाव लावणे हा अन्याय आहे.

माझे दोन मित्र म्हणाले, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लाव आणि मोकळा हो. हा सल्ला स्वस्त आहे, पण या अक्षरांची पाठ पोकळ असते, पत्र्याला फक्त कडा टेकतात. टेपला धरायला जागाच नाही. नव्या गाड्यांची अक्षरे टेपसाठीच घडवलेली असतात, ती गोष्ट निराळी. शिवाय खुंट्या कापल्या की मागे परतीची वाट नाही. तिसरा मित्र अर्थशास्त्राचा. तो म्हणाला की असल्या धूर सोडणाऱ्या गाड्या भंगारातच जायला हव्यात. धुराबद्दल तो बरोबर असू शकेल. पण ती तपासणी इंजिनाची व्हावी, चार पैशांच्या चकतीअभावी माणूस कंटाळून गाडी विकतो याला धोरण म्हणता येणार नाही.

मोडलेल्या खुंटीच्या जागी आबांनी अडीचच्या ड्रिलने जेमतेम चार मिलिमीटर खोल भोक घेतले (आणखी खोल गेले असते तर क्रोममधून बाहेर!), डोके कापलेला तीनचा स्क्रू दोन भागांच्या गोंदात उभा केला आणि रात्रभर तसाच ठेवला. प्रत्येक भोकाशी त्यांनी पाणी अडवणारा मसाला लावला. आपल्याकडचा पाऊस चार महिन्यांचा. पाणी आत शिरले की पत्रा अक्षराच्या आडून गंजतो, आणि ओलाव्यात पोलादाला टेकलेले जस्त आधी झिजते, पांढरी भुकटी होऊन खुंटी कुजते. आमच्या आबांना रसायनशास्त्र येत नाही. 'वल लागली की ह्यो ह्येला खातो' असे ते म्हणतात, आणि कोण कोणाला खातो ते अचूक सांगतात. त्या कामाची मजुरी त्यांनी दोनशे रुपये घेतली. चकत्यांचे पैसे लावले नाहीत.

आता आपल्या ग्रंथालयाविषयी. तिथे शब्दकोशांचे एक कपाट आहे, मी ते चाळले. 'वायसर', 'आटे', 'डिकी' यांपैकी काही सापडले, काही नाही. नळीची क्लिप, दातेरी चकती यांचा पत्ताच नाही. ज्यांना या वस्तू माहीत आहेत ते लिहीत नाहीत आणि जे लिहितात त्यांना त्या माहीत नाहीत. मधल्या जागेत विक्रेता उभा आहे. या महाविद्यालयात माझ्यासारखे, घरातून पहिल्यांदाच इथवर आलेले, पुष्कळ आहेत. कुणाचे वडील लोहार, कुणाची आई शिवणकाम करते, कुणाचे काका ओतशाळेत. परीक्षेत आपण त्यांची भाषा विसरल्याचे गुण मिळवतो, हे मराठी विभागाला आवडणार नाही, पण तसेच आहे.

मी एक वही केली आहे. आबा आणि उद्यमनगरातले लोक जे शब्द वापरतात ते, शेजारी माप आणि जमल्यास पेन्सिलीने चित्र. सध्या एकशे बारा शब्द झाले आहेत. ज्यांच्या घरी असे शब्द असतील त्यांनी मधल्या सुट्टीत वाचनालयाच्या खिडकीजवळच्या बाकावर मला गाठावे. वस्तू हाती आणता आली तर फारच उत्तम, मापाचा पत्रा माझ्या दप्तरात असतो.