प्लास्टरच्या पहिल्या दोन रात्री

उन्हाळ्याच्या सुट्टीत जळगाव-धुळ्याच्या हाडांच्या दवाखान्यांत हात गळ्यात अडकवलेली पोरं हमखास दिसतात. कुणी चिंचेवरून पडलेलं, कुणी सायकलवरून आपटलेलं. मनगटापाशी बारीक फ्रॅक्चर, आधी कच्चं प्लास्टर, मग पक्कं, आणि चार-सहा आठवड्यांत हात मोकळा. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं. ज्यांचं भागत नाही, तिथे हाडापेक्षा आपला स्वभाव जास्त नडतो.

पडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सूज चढत असते. म्हणून आधी एकाच बाजूने कच्चं प्लास्टर, वर नुसती पट्टी; सूज उतरली की गोल, पक्कं. ‘दोनदा पैसे काढतात’ ही ओट्यावरची कुरकुर म्हणूनच मला पटत नाही. पक्कं प्लास्टर ताणत नाही. आत सूज वाढली की स्नायूंचं रक्त अडतं, आणि साधारण सहा तासांत ते कायमचे निकामी व्हायला लागतात. पुढे ते आखडतात, बोटं वाकडी राहतात. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१ मध्ये याचं वर्णन करताना घट्ट आवळलेल्या पट्ट्यांनाच दोष दिला होता. हाडवैद्याने करकचून बांधलेल्या बांबूच्या कामट्याही तेच करतात.

आणि त्या रात्री घरात काय चालतं? पोर कळवळतं, वडीलधारे समजावतात, "हाड मोडलंय, दुखणारच. सोस जरा, सकाळी पाहू." कळ सोसण्याचं आपल्याकडे भारी कौतुक! इथे ते महागात पडतं. गोळी देऊनही दुखणं वाढत चाललं, बोटं हळूच सरळ केली तरी पोर ओरडलं, बोटं गार किंवा निळसर पडली, बधिर झाली, तर सकाळची वाट पाहायची नाही. साक्री-शिरपूरकडच्या पाड्यावरून रात्री धुळं गाठणं सोपं नसतं, ठाऊक आहे. तरी निघायचंच, १०८ ला फोन लावायचा.

एरवी हात उशीवर, छातीपेक्षा उंच, बोटं हलती, अंगठी-बांगडी पहिल्याच दिवशी काढलेली.

बाकीची पथ्यं सोपी. पांढरं प्लास्टर पुरतं वाळायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर बोटाने दाबलं तर खळगा पडतो आणि आत टोचतो. मे महिन्यात घामाने खाज सुटणारच, पण फुटपट्टी किंवा विणायची सुई आत घालू नये. सालटं निघून आत चिघळतं आणि वास सुटेपर्यंत कळत नाही. फायबरचं प्लास्टर भिजलं तरी टिकतं, आतला कापूस मात्र ओलाच राहतो.

रात्री दवाखाना उठवायला लोक संकोचतात. खरं तर प्लास्टर उभं चिरून सैल करणं काही मिनिटांचं काम. त्या करवतीचं पातं गरगर फिरत नाही, नुसतं थरथरतं; पोराला हे आधीच सांगावं. फक्त आतला कापूस आणि पट्टीही कातडीपर्यंत कापली आहे ना, तेवढं विचारून घ्या. ती तशीच राहिली तर दाबही राहतो.