ठोकळ्यांचा अंदाज कोणीं काढावा?

आमच्या मंडळाच्या बियाण्याच्या कोठीमागें सिमेंटचे सुमारें दोनशें ठोकळे दोन वर्षांपासून पडून आहेत. त्यांवर शेवाळ चढलें आहे, पावसाळ्यांत त्यांच्या सांदींतून विंचू निघतात, आणि सभेस येणारा एखादा तरी सभासद दर महिन्यास विचारतो कीं, हे येथें कशासाठीं ठेवले आहेत? मंडळाच्या आवारास कुंपणभिंत घालण्याचें ठरलें तेव्हां ठोकळ्यांचा अंदाज आम्हींच काढला होता व तो चुकला, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. तो कसा चुकला हें पुढें सांगूं. परंतु त्या चुकीची लाज वाटली म्हणूनच या विषयाकडे आम्हीं नीट पाहिलें, आणि पाहिल्यावर आमचें असें मत झालें कीं, भिंतीस ठोकळे किती लागतील याचा हिशोब ज्याच्या पदरचे पैसे जाणार त्यानेंच केला पाहिजे. तो गवंड्यावर, ठेकेदारावर किंवा ठोकळे विकणारावर सोपविणें हा आळस आहे व तो फार महाग पडतो.

पूर्वीं हा प्रश्न उद्भवतच नसे. घर बांधावयाचें तर दगड नाल्यांतला, माती पांढरीची, लांकूड बांधावरच्या बाभळीचें. कमी पडलें तर आणखी एक गाडी भरून आणावी, उरलें तर बांधास घालावें. आतां गोठा असो, मोटारपंपाची खोली असो कीं सोयाबीन सांठविण्याची कोठी असो, भिंतीचा प्रत्येक तुकडा विकत घ्यावा लागतो. एकरीं बियाणें किती, खताची मात्रा किती, हें किलोच्या हिशोबानें सांगणारा आमचा शेतकरी ठोकळ्यांच्या बाबतींत मात्र ‘मिस्त्री म्हणेल तितके’ असें म्हणून मोकळा होतो.

मिस्त्री काय म्हणतो? तो इमारतीचा बाहेरून घेर धरतो, त्यास उंचीनें गुणतो, शंभर चौरस फुटांस एकशें बारा-पंधरा ठोकळे लावतो, शेंकडा दहा तूट धरतो आणि येणारा आंकडा वरच्या पन्नासांत नेऊन ठेवतो. दारें, खिडक्या, खांब यांचा विचार तो करीत नाहीं. यांत लबाडी असते असें आमचें म्हणणें नाहीं. मजुरी मोजतांना लहान भोकें वजा न करण्याची चाल आहे, व ती रास्तहि आहे. कारण खिडकीच्या कडा साधण्यास गवंड्यास सरळ भिंतीपेक्षां अधिक वेळ लागतो. पण तीच चाल मालाच्या हिशोबांत शिरली म्हणजे ज्या जागेंत वारा येणार आहे त्या जागेचेहि ठोकळे आपण विकत घेतों. शिवाय केवळ मजुरीवर काम करणाऱ्या गवंड्यास माल उरला तर तोटा नसतो. माल कमी पडून दिवस फुकट गेला तर मात्र असतो. मग तो अधिकाचाच सल्ला देईल हें स्वाभाविकच होय.

एक उदाहरण घेऊं. बाहेरून ३० फूट लांब व २० फूट रुंद अशी कोठी, सहा इंची ठोकळ्यांची. लांब बाजूंस चार चार व आखूड बाजूंस तीन तीन, कोपरे दोन्हींकडे मोजून, असे एकंदर दहा खांब, प्रत्येक ९ इंच चौरस. मिस्त्रीचा हिशोब असा : घेर १०० फूट, उंची १० फूट, क्षेत्र १,००० चौरस फूट, ठोकळे १,१२५, त्यावर शेंकडा दहा, म्हणजे १,२३८, सोईसाठीं १,२५०.

आतां आपण मोजूं. खांबांची जागा वगळली कीं लांब बाजू २७ फूट व आखूड बाजू १७ फूट ९ इंच उरते. चारी बाजू मिळून ८९½ फूट. उंची फुटांत न मोजतां थरांत मोजावी, असा आमचा आग्रह आहे. आठ इंचांचे अकरा थर चढले कीं ७ फूट ४ इंच होतात. त्यावर ६ इंचांचा लिंटलचा पट्टा. त्यावर आणखी तीन थर. एकूण उंची ९ फूट १० इंच, परंतु ठोकळ्यांची उंची फक्त चौदा थर, म्हणजे ९ फूट ४ इंच. पट्टा हा काँक्रीटचा असून तो ठोकळ्यांत धरण्याचें कारण नाहीं. क्षेत्र झालें सुमारें ८३५ चौरस फूट. त्यांतून ८ फूट रुंद व ७ फूट ४ इंच उंच असें शटर आणि ४ फूट रुंद, २ फूट उंच अशा चार खिडक्या वजा केल्या, म्हणजे सुमारें ९१ चौरस फूट गेले. उरले ७४५. सांध्यासह ठोकळ्याचें तोंड १६ इंच लांब व ८ इंच उंच धरलें तर तें १२८ चौरस इंच होतें, शंभर चौरस फुटांचे चौरस इंच १४,४००, भागाकार ११२½. त्या प्रमाणानें ठोकळे लागतील ८३८. तूट व काटछाट शेंकडा पांच धरली तरी ८८०.

१,२५० आणि ८८० यांत ३७० ठोकळ्यांचें अंतर आहे. ठोकळ्यास चाळीस रुपये भाव धरला तर १४,८०० रुपये झाले. सहा इंची भरीव ठोकळ्याचें वजन वीस ते पंचवीस किलो असतें. तेव्हां वाहतुकीच्या दोन-तीन खेपा व चढउताराची हमाली वेगळीच. हे पैसे बहुधा उसनवारीचे असतात, आणि पेरणीच्या तोंडावर बियाण्याच्या पिशवीसाठीं तेच कमी पडतात.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. ठोकळा चार इंची असो, सहा इंची असो कीं आठ इंची, भरीव असो कीं पोकळ, त्याचें तोंड तेंच असेल तर संख्याहि तीच राहते. रुंदीनें मसाला व वजन बदलतें, ठोकळ्यांची संख्या बदलत नाहीं. कांहीं जण वाळूच्या ब्रासप्रमाणें भिंतीचे घनफूट काढून बसतात व गोंधळतात. त्याची जरूर नाहीं. हलक्या फुगीव जातीचे जे पांढुरके ठोकळे निघाले आहेत त्यांचें तोंड बहुधा ६०० × २०० मिलिमीटर असतें, म्हणून ते शंभर चौरस फुटांस ७७ च्या आसपास पुरतात.

आतां आमच्या चुकीची हकीकत. भारतीय मानक क्रमांक २१८५ मध्यें ठोकळ्याचें जें ४०० × २०० मिलिमीटर माप दिलें आहे तें सांध्यासह आहे. खुद्द ठोकळा ३९० × १९० चा, व दहा मिलिमीटरचा सांधा. या मापानें चौरस मीटरास साडेबारा, म्हणजे शंभर चौरस फुटांस ११६ ठोकळे बसतात. १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं, पण गवंड्याची टेप अजून इंचांतच बोलते, आणि सोळा इंच म्हणजे ४०० नव्हे, ४०६ मिलिमीटर. एवढ्याच फरकानें ११६ चे ११२½ होतात. पुढची गंमत अशी कीं, गांवोगांवच्या कारखान्यांतील साचे पुष्कळदां पुऱ्या सोळा इंचांचे व आठ इंचांचे असतात. त्यांस अर्धा इंच सांधा दिला कीं तोंड साडेसोळा × साडेआठ होतें, व शंभर चौरस फुटांस १०३ च ठोकळे लागतात. आमची भिंत ३०० फूट लांब व ६ फूट उंच, म्हणजे १,८०० चौरस फूट. दरपत्रकावर ४०० × २०० छापलेलें पाहून आम्हीं ११६ चा दर लावला, तूट धरली आणि २,२०० ठोकळे मागविले. लागले १,९०० च्या आसपास. उरलेल्या तीनशेंपैकीं शंभर पाण्याच्या हौदाच्या ओट्यास गेले. बाकीचे कोठीमागें आहेत. दरपत्रक वाचण्याऐवजीं एक ठोकळा उचलून मापला असता तर हें टळलें असतें.

म्हणून कागदावरील कोणत्याहि मापावर विसंबूं नये. त्याच गवंड्यानें त्याच कारखान्याच्या ठोकळ्यांची बांधलेली एखादी भिंत गांठावी. तीवर दहा थरांची उंची व सलग दहा ठोकळ्यांची लांबी मापून प्रत्येकीस दहानें भागावें. गवंड्याच्या हाताचा सांधा जाड कीं बारीक हें त्यांत आपोआप येतें.

काटछाटीविषयीं थोडें. वरील कोठींत दोन खांबांमधील मोकळें अंतर लांब बाजूस ९ फूट, म्हणजे पावणेसात ठोकळे. प्रत्येक थरांत एक तुकडा पाडावा लागणार; हुशार गवंडी उरलेला तुकडा पुढच्या थरांत बसवील, बेफिकीर गवंडी तो टाकून नवा ठोकळा फोडील. हेंच अंतर ९ फूट ४ इंच ठेवलें, म्हणजे इमारत ३० ऐवजीं ३१ फूट लांब केली, तर बरोबर सात ठोकळे बसतात व सांधमोडीसाठीं लागणाऱ्या अर्ध्यांपलीकडे कापाकापी राहत नाहीं. तीच गोष्ट दारांची. सात फुटांचें दार म्हणजे साडेदहा थर; ७ फूट ४ इंचांचें दार म्हणजे अकरा. नकाशा काढतांना ही दृष्टि ठेवण्यास कांहीं खर्च येत नाहीं, पण पाया आंखल्यावर ती सुचून उपयोग नाहीं.

मसाल्याचाहि अंदाज यांतूनच निघतो. मानकाप्रमाणें सांधे धरले तर सहा इंची शंभर ठोकळ्यांस, एकास सहा मसाल्यानें, सिमेंटची अर्धी गोणी लागते. सांडलवंड धरून पाऊण. जाड सांधा देणारा गवंडी ठोकळे वांचवितो खरा, पण सिमेंट खातो.

आणि तूट शेंकडा पांच पुरेल कीं नाहीं हें ठोकळ्याच्या वयावर अवलंबून आहे. ठोकळे निदान चौदा दिवस पाण्यानें ओले ठेवून पुढें चार आठवडे वाळूं द्यावे, असें मानक सांगतें. मृग तोंडावर आला कीं घाई होते व आठ दिवसांचा ओला माल ट्रॉलींत चढतो. तो उतरतांनाच कोपरे झडतात, आणि भिंतींत बसल्यावर आकसून तडे देतो. ज्यास वैशाखांत भिंत चढवावयाची त्यानें फाल्गुनांतच ठोकळे सांगून ठेवावे. विटांच्या संवयीनें ठोकळे पाण्यांत भिजत घालणारे गवंडीहि आहेत, त्यांस थांबवावें. फार ऊन असेल तर वरचें व बाजूचें अंग थोडें ओलें केलें म्हणजे पुरे.

यावर कोणी म्हणेल कीं, इतका काटेकोर हिशोब केला व वीस ठोकळे कमी पडले तर काम अडेल, मजूर बसून राहतील. ही भीति खोटी नाहीं. वीस ठोकळ्यांसाठीं ट्रॉलीचें पुरें भाडें भरणारे सभासद आम्हांस ठाऊक आहेत. त्यावर उपाय तीनशें अधिक घेणें हा मात्र नव्हे. शेवटचे तीन थर उरले असतां काम करणारांनीं एकदां मोजावें व तेवढाच माल मागवावा. आणि सौदा ठरवितांनाच न फुटलेले ठोकळे महिन्याच्या आंत त्याच भावानें परत घेण्याची अट लिहून घ्यावी. एकट्याचें कारखानदार ऐकत नाहीं, दहा जणांचें ऐकतो. मंडळानें फाल्गुनाच्या सभेंत सभासदांच्या मागण्या एकत्र करून या अटीवर एकच सौदा करावा, अशी सूचना आम्ही पुढील सभेपुढें मांडणार आहों. ज्यांचें बांधकाम यंदा निघणार आहे त्यांनीं भिंतींची लांबी, थर, खांब व दारें-खिडक्यांचीं मापें कागदावर लिहून आणावीं. हिशोब तेथेंच बसून करूं.

कोठीमागील दोनशें ठोकळे सोळा-आठ-सहा इंची असून बहुतेक धड आहेत. ज्या सभासदास हवे असतील त्यानें खरेदीच्या निम्म्या भावानें घेऊन जावे. उचलतांना हातांत काठी ठेवावी.