माशाच्या जखमेवर पहिलं औषध पाणी

मुंबईतल्या डिलाईल रोडचं ना. म. जोशी मार्ग होऊन कैक वर्षं झाली, तरी जुनंच नाव तोंडी आहे. या पट्ट्यातल्या गिरण्यांना स्वतःची तळी असत. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमधलं तळं अजून आहे. आता गिरण्यांच्या जागी आलेल्या टॉवरांच्या आवारात शोभेची तळी दिसतात, त्यांत कोई मासे. कधी ढोकरीची चोच लागते, कधी मांजराचा पंजा, कधी पंपाच्या तोंडाशी शेपूट फाटतं. खवले निघालेला मासा तिरका पोहू लागला, की तो गेलाच असं धरून बाहेर टाकला जातो.

हे चुकीचं आहे. असे कितीतरी मासे वाचू शकतात.

माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं चिलखत; जखमेने ते फाटतं. गोड्या पाण्यातल्या माशाचं शरीर भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असतं. त्यामुळे जखमेतून पाणी आत शिरत राहतं आणि ते बाहेर टाकताना मूत्रपिंडं दमतात. पाण्यात मीठ घातलं की हा भार हलका होतो. म्हणून वेगळ्या टबात दर लिटरला साधारण ३ ग्रॅम खडेमीठ, म्हणजे ५० लिटरला १५० ग्रॅम, थोडं थोडं करून विरघळवावं. तळ्यातच मीठ ओतलं तर कमळं जळतील. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कल्ले भाजतं. ते पाणी दिवसभर उघडं ठेवून मगच वापरावं. टबात हवेचा पंप, वर जाळी (घाबरलेला मासा उडी मारतो), एक-दोन दिवस खाणं बंद, आणि हात लावायचाच तर ओला. जखमेवर कापसासारखे पुंजके दिसले, तर ती बुरशी. तेव्हा जाणकार गाठावा.

जाणकार गाठायचा कुठे, हा खरा प्रश्न. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात माणूस सोडून प्रत्येक सजीव प्राणी येतो, म्हणजे मासाही; मग त्यालाही उपचार मिळायला हवेत. डिलाईल रोडपासून जवळच, परळला, बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं प्राण्यांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे. माशांचं शास्त्र शिकवणारी केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था १९६१पासून मुंबईतच, आता वर्सोव्याला. शहरातल्या पशुवैद्यांना या संस्थेत माशांच्या उपचारांचं छोटं प्रशिक्षण मिळायला हवं. आणि शोभेचं तळं बांधणाऱ्या प्रत्येक सोसायटीने पंपाच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी, एक रिकामा टब आणि किलोभर खडेमीठ माळ्याच्या खोलीत ठेवावं.